एकीकरण झाले, दप्तर राहिले

नागपुरातील सदर भागातून ज्यांचे रोजचे जाणे-येणे आहे, त्यांना ऑल सेंट्स कॅथेड्रल ही वास्तू परिचित आहे. परंतु हा परिचय बहुधा कुंपणाबाहेरचाच असतो. नाताळच्या रोषणाईत ती उजळते, वृत्तपत्रांत तिचे एखादे छायाचित्र छापून येते आणि मग वर्षभर तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. इंग्रजी अमदानीतील एक जुने चर्च एवढीच तिची ओळख सर्वसामान्य नागपूरकरांच्या मनात आहे. वास्तविक १८५१ मध्ये उभ्या राहिलेल्या या उपासनागृहाचे महत्त्व केवळ त्याच्या वयात नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच आवारात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अर्थात उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीची स्थापना घोषित झाली. वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्यांनी आपापले वेगळेपण विसर्जित करून एक होण्याचा निर्णय नागपुरात अमलात आणला. त्या निर्णयाचा धार्मिक अर्थ त्याच दिवशी सिद्ध झाला. त्याचा कायदेशीर अर्थ काय, याचा निवाडा मात्र सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये करावा लागला. जुन्या चर्चच्या जमिनी, त्यांची मालकी आणि त्यांचे भवितव्य यांवर आज जी चर्चा सुरू आहे, तिचा एक धागा असा थेट सदरच्या या आवारापर्यंत येऊन पोहोचतो.

प्राचीन हा शब्द नागपूरच्या चर्चबाबत जपूनच वापरायला हवा. वसई आणि माहीम येथील चर्चची परंपरा सोळाव्या शतकातील पोर्तुगीज काळापर्यंत जाते. मुंबईचे सेंट थॉमस हे १७१८ च्या नाताळात खुले झाले. त्या मानाने विदर्भातील चर्च अर्वाचीनच म्हणावी लागतील. तथापि १८५१ हे साल नागपूरच्या इतिहासात विलक्षण आहे. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर सीताबर्डीची टेकडी इंग्रजांच्या ताब्यात गेली होती आणि रेसिडेंटचा अंमल दरबारावर चालत होता, हे खरे; पण गादीवर भोसलेच होते. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारसाविना निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. म्हणजे हे चर्च बांधले गेले तेव्हा नागपूर अद्याप ब्रिटिश हिंदुस्थानात सामील झालेले नव्हते. शहर भोसल्यांचे, टेकडी आणि रेसिडेन्सी इंग्रजांची, अशा दुहेरी व्यवस्थेत ते उभे राहिले. काही मैलांवरील कामठीच्या छावणीत तर १८३३ मध्येच प्रॉटेस्टंट चर्च बांधून झाले होते. आधी फौज, मग छावणी, छावणीपाठोपाठ चर्च आणि दफनभूमी, हा क्रम मध्य हिंदुस्थानात सर्वत्र आढळतो.

प्रारंभी ऑल सेंट्स हे साधे स्थानिक उपासनागृह होते. मुलकी अधिकारी, लष्करी अंमलदार आणि त्यांची कुटुंबे एवढीच त्याची मंडळी. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर ही राजधानी झाली, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि या मंडळीचा विस्तार झाला. त्याच काळात सदरमध्ये बिशप कॉटन शाळाही उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या अवाढव्य धर्मप्रांतातून नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत वेगळा काढण्यात आला आणि आयर चॅटर्टन हे १९०३ मध्ये पहिले बिशप झाले. गोंडवनाचा इतिहास सांगणारे ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ हे त्यांचे पुस्तक १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. गोंड राजवटीविषयी कुतूहल असलेल्या अभ्यासकांना ते आजही चाळावे लागते. बिशपचे पीठ येथे आल्यामुळे चर्चचे कॅथेड्रल झाले. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल; मग ते आकाराने लहान का असेना. ग्रीक भाषेतील आसनवाचक शब्दावरूनच हे नाव आले आहे.

या परंपरेतील चर्चची रचना एकदा समजून घेतली, तर कोणतेही जुने चर्च वाचता येते. वेदी पूर्वेला आणि मुख्य प्रवेश पश्चिमेला, हा सर्वसाधारण संकेत. मध्यदालनात मंडळी बसते. त्यापुढे गायकवृंदाची जागा आणि सर्वांत शेवटी वेदी. बाप्तिस्म्याचे पात्र पुष्कळदा प्रवेशद्वाराजवळ ठेवलेले असते, कारण बाप्तिस्मा हाच मंडळीत येण्याचा दरवाजा. कमानी टोकदार, खिडक्या उंच आणि अरुंद, त्यांत रंगीत काचा. ही शैली युरोपातील थंड आणि अंधुक प्रदेशात विकसित झाली. तिथे खिडकीचा हेतू अधिकाधिक प्रकाश आत घेणे हा होता. नागपूरच्या मे महिन्यात प्रकाश आणि ऊन बाहेर ठेवणे हीच समस्या असते. त्यामुळे हिंदुस्थानातील गॉथिक बांधणीला जाड भिंती, उंच छत, व्हरांडे आणि एके काळी छतापासून लोंबणारे पंखे यांच्याशी तडजोड करावी लागली. या तडजोडीतूनच या वास्तूंना त्यांचे स्वतःचे रूप आले. त्यांना विलायती चर्चची नक्कल म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

अशा चर्चमधील दोन गोष्टी वास्तुशास्त्रापेक्षा इतिहासाला अधिक उपयोगाच्या आहेत. पहिली म्हणजे भिंतींवरील स्मृतिशिला. कॉलऱ्याने विशी-पंचविशीत दगावलेले सुभेदारीतील इंग्रज अधिकारी, प्रसूतीत गेलेल्या त्यांच्या पत्नी, वर्षभरही न जगलेली त्यांची मुले यांची नावे एकोणिसाव्या शतकातील चर्चच्या भिंतींवर ठिकठिकाणी कोरलेली सापडतात. राज्यकर्त्यांच्या वैभवाच्या वर्णनात ही बाजू सहसा येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी चर्चने ठेवायच्या आणि त्यांच्या प्रती इलाख्याच्या मुख्यालयामार्फत लंडनला पाठवायच्या, असा शिरस्ता होता. त्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि जगभरातील कुटुंबे त्यांत आपले पूर्वज शोधत असतात. इकडे त्याच प्रकारच्या वह्यांची उपयुक्तता मात्र केवळ संशोधनापुरती नाही. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार चर्चमधील विवाहाची नोंद हा कायदेशीर दस्तऐवज ठरतो. वारसाहक्क, पारपत्र, जुनी जन्मतारीख यांसाठी मराठी ख्रिस्ती कुटुंबांना या वह्यांचाच आधार घ्यावा लागतो. जुने चर्च जपायचे म्हणजे केवळ दगड जपायचे नसतात. वाळवी आणि ओल यांपासून ही दप्तरेही वाचवावी लागतात. दगडांची चर्चा होते, दप्तरांची होत नाही.

आता मालकीच्या प्रश्नाकडे वळावे लागेल. कंपनी सरकारच्या काळापासून अँग्लिकन पाळकांचा एक सरकारी विभागच होता. छावण्यांतील आणि मुलकी ठाण्यांतील पाळकांचे वेतन हिंदुस्थानच्या महसुलातून दिले जाई. म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश अखेर चर्चच्या व्यवस्थेपर्यंत पोहोचत होता. राष्ट्रीय चळवळीतील नेत्यांना हे खटकत होते आणि अनेक ख्रिस्ती धुरीणांनाही ते अवघड वाटत होते. ब्रिटिश संसदेने १९२७ मध्ये इंडियन चर्च कायदा केला आणि १ मार्च १९३० पासून भारतातील अँग्लिकन मंडळी इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विभक्त झाली. मालमत्तेसाठी विश्वस्त संस्था निर्माण करण्यात आल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये सरकारचा धर्मविभाग बंद झाला आणि तोवर सरकारी खर्चाने राखल्या जाणाऱ्या चर्चचा भार मंडळीवर आला. इमारत आली, पण ती सांभाळण्यासाठी लागणारा पैसा आला नाही. गोरे अधिकारी मायदेशी परतले होते. राहिलेल्या भारतीय मंडळीत शिक्षक, परिचारिका, रेल्वेतील कर्मचारी, कारकून यांचा भरणा होता. साहेबाच्या खजिन्यावर उभ्या राहिलेल्या वास्तू या मध्यमवर्गीय माणसांच्या रविवारच्या दानावर तगवायच्या होत्या.

नागपूरची दुसरी प्रॉटेस्टंट परंपरा याहून पूर्णपणे वेगळी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. त्यांच्या पाठीशी सरकारी खजिना नव्हता. शाळा, मराठी भाषा, गोंडांच्या चालीरीतींचा अभ्यास आणि भूगर्भशास्त्र असा त्यांचा चौफेर व्यासंग होता. नागपूर परिसरातील जीवाश्म आणि खडकांचे थर यांवरील त्यांचे काम आजही भूगर्भशास्त्राच्या इतिहासात नोंदले जाते. टाकळघाटच्या शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेच नाव चालवते. ही प्रेस्बिटेरियन परंपरा बिशप मानत नव्हती. तिच्या मालमत्ता मिशनच्या आणि पुढे वेगळ्या विश्वस्तांच्या नावे होत्या. तिसरी परंपरा मेथॉडिस्टांची. नागपुरातील मेकोसाबाग या वस्तीचे नाव कित्येकांना कोड्यात टाकते. ‘मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशिया’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले आहे. कॅथॉलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलही सदरमध्येच आहे. मात्र त्यांची व्यवस्था रोमच्या धर्मविधीनुसार चालत असल्याने ती या विवेचनाच्या कक्षेबाहेरची आहे.

या निरनिराळ्या प्रवाहांना एकत्र आणण्याच्या वाटाघाटी १९२९ मध्ये सुरू झाल्या. दक्षिणेत हे काम लवकर आटोपले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले. उत्तरेत मात्र एकामागून एक मसुदे तयार होत राहिले आणि चौथा मसुदा १९६५ मध्ये आला. चाळीस वर्षे कशासाठी लागली, असा प्रश्न बाहेरच्या वाचकाला पडेल. वादाचे विषय क्षुल्लक नव्हते. अँग्लिकनांच्या मते पाळकाला दीक्षा देण्याचा अधिकार बिशपच्या अखंड परंपरेतूनच येतो. मग ज्यांना बिशपनी दीक्षा दिलेलीच नाही अशा प्रेस्बिटेरियन वा बॅप्टिस्ट पाळकाने प्रभुभोजनाचा विधी केला, तर तो ग्राह्य मानायचा काय? त्याला पुन्हा दीक्षा द्यावी, तर आयुष्यभराची त्याची सेवा खोटी ठरते. न द्यावी, तर अँग्लिकनांची श्रद्धा दुखावते. दक्षिणेने यावर काळाचा उतारा शोधला होता. पूर्वीच्या सर्व पाळकांना जसेच्या तसे स्वीकारून पुढील पिढीपासून बिशपच्या हस्ते दीक्षा सुरू केली. उत्तरेने आरंभालाच सर्वांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवायचे ठरवले. परमेश्वराने प्रत्येकाला जे उणे असेल ते द्यावे, अशी प्रार्थना करायची; कोणाला काय उणे होते, याचा उच्चार करायचा नाही. मुत्सद्देगिरी आणि श्रद्धा यांचा इतका नाजूक मेळ क्वचितच पाहायला मिळतो.

बाप्तिस्म्याचा प्रश्न तर याहून बिकट होता. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन यांच्या मते समज आलेल्या माणसाने स्वतःहून घेतलेला बाप्तिस्मा हाच खरा. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती मान्य केल्या आणि निवड कुटुंबावर सोपवली. एका छपराखाली दोन परस्परविरोधी समजुती नांदू शकतात, हे मान्य करणे धर्मसंस्थांना सहसा जमत नाही. येथे ते जमले आणि अर्धशतकाहून अधिक काळ टिकले, ही या एकीकरणाची खरी कमाई होय.

२९ नोव्हेंबर १९७० हा रविवार होता. नाताळपूर्व आगमनकाळाचा पहिला रविवार. ऑल सेंट्सच्या आवारात देशभरातून आलेल्या प्रतिनिधींसमोर अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्यांचे विलीनीकरण झाले. अमेरिकी परंपरेतील मेथॉडिस्टांची मोठी मंडळी वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी होती. परंतु १९७० मध्ये, अगदी अखेरच्या टप्प्यावर, ती बाहेर राहिली. म्हणजे ज्या शहरात एकीकरण झाले, त्याच शहरातील एका वस्तीच्या नावात न आलेल्या पाहुण्याचे नाव कायम राहिले आहे. नागपूर हे देशाच्या मध्यावर असल्याने स्थळ म्हणून सोयीचे होते, एवढेच कारण अनेकदा सांगितले जाते. ते पुरेसे मानले, तरी हे स्थळ इतिहासजमा झाले हे खरेच.

येथवरची कथा एकोप्याची आहे. यापुढची दप्तराची. सहा मंडळ्यांनी ठराव केला की आमची सर्व मालमत्ता, हक्क आणि जबाबदाऱ्या नव्या मंडळीकडे जातील. परंतु या मंडळ्या केवळ श्रद्धावंतांचे समुदाय नव्हत्या. कोणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था होती, कोणी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील न्यास, तर कोणाच्या मालमत्ता कंपनी कायद्याखालील विश्वस्त संस्थेच्या नावे होत्या. देवापुढे विलीन झालेली संस्था धर्मादाय आयुक्तांच्या वहीत तशीच जिवंत होती. चर्च ऑफ द ब्रेदरनचे कार्य डहाणूपासून दक्षिण गुजरातपर्यंतच्या पट्ट्यात होते. तेथील काही सदस्यांनी पुढे एकीकरण मान्य करण्यास नकार दिला आणि मालमत्तेवर कोणाचा हक्क, हा वाद न्यायालयात गेला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यासाचा उत्तराधिकारी कोण हे ठरवणे दिवाणी न्यायालयाच्या नव्हे, तर या कायद्याखालील यंत्रणेच्या अखत्यारीत येते, असा निर्णय दिला.

३० सप्टेंबर २०१३ रोजी विनोदकुमार मालविया विरुद्ध मगनलाल गामेती या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. नोंदणीकृत संस्था केवळ ठराव करून दुसरीत विलीन होत नाही; विसर्जनाची आणि विलीनीकरणाची कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया पार पाडावी लागते. न्यासाची मालमत्ता विश्वस्तांकडे निहित असते आणि सभासदांच्या ठरावाने ती हस्तांतरित होत नाही. सबब ब्रेदरनच्या पहिल्या जिल्हा मंडळीची मालमत्ता उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीकडे गेली असे म्हणता येणार नाही, असा हा निकाल होता. त्यातून एकीकरणच रद्द झाले, असा अर्थ काहींनी काढला; तो चुकीचा आहे. न्यायालयाने श्रद्धेच्या प्रश्नाला हात लावलेला नाही. नागपूरच्या आवारात जे घडले ते धर्मदृष्ट्या पूर्ण होते, कायद्याच्या दृष्टीने ते अर्धवट राहिले, एवढेच या निकालाने दाखवून दिले. परंतु हे एवढेच फार मोठे आहे. कारण जी प्रक्रिया १९७१-७२ मध्ये साध्या अर्जांनी पूर्ण होऊ शकली असती, ती चार दशकांनंतर करायची तर जमिनींच्या किमती शेकडो पटींनी वाढलेल्या आणि मूळ विश्वस्त काळाच्या पडद्याआड गेलेले.

या निकालाचा परिणाम सर्व चर्चवर सारखा होत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अँग्लिकन परंपरेत प्रत्येक धर्मप्रांताची कंपनी कायद्याखालील विश्वस्त संस्था होती. नागपूरलाही ती आहे. एकीकरणानंतर या संस्थेचे कायदेशीर अस्तित्व तेच राहिले. तिच्या नावावरील वास्तूंबाबत हस्तांतराचा प्रश्न त्या अर्थाने उद्भवत नाही. ज्या परंपरांची मालमत्ता मिशनच्या वा छोट्या न्यासांच्या नावे होती, त्यांची बाजू अधिक नाजूक आहे. म्हणजे सरकारी खजिन्यावर वाढलेली मंडळी कागदोपत्री सुरक्षित राहिली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मंडळी अडचणीत सापडली, असा हा उफराटा न्याय आहे.

नागपूरच्या संदर्भात यात नझूलची भर पडते. सिव्हिल लाइन्स आणि सदर परिसरातील अनेक जुने भूखंड सरकारी मालकीचे असून भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. विदर्भातील निवासी नझूल भूखंडांचे मालकी हक्कात रूपांतर करण्यासाठी राज्य सरकारने अलीकडच्या वर्षांत सवलतीच्या योजना आणल्या. धार्मिक व शैक्षणिक संस्थांच्या पट्ट्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांत मूळ प्रयोजनाची अट असते आणि ती मोडल्यास पट्टाच धोक्यात येतो. दुसरीकडे शहराचा दबाव वाढत आहे. कामठी मार्गावरील दुमजली उड्डाणपूल २०२४ मध्ये सुरू झाला, मेट्रो आली, आणि ज्या रस्त्याने एके काळी छावणीतील पलटणी सीताबर्डीकडे येत त्याच्या दुतर्फा जमिनीचा भाव चौरस फुटावर आला. जुन्या चर्चभोवतीचे मोकळे आवार हे मंडळीच्या दृष्टीने उपासनेचा भाग असते; विकासकाच्या दृष्टीने ते न वापरलेले चटईक्षेत्र असते.

वारसा संरक्षणाची व्यवस्था येथे कितपत उपयोगी पडते? नागपुरात वारसा वास्तूंची यादी आहे, त्यांच्या श्रेणी ठरलेल्या आहेत आणि बदलांना परवानगी देणारी समितीही आहे. तथापि या नियमांचा रोख प्रामुख्याने मनाईवर आहे. पाडू नका, बदलू नका, रंग देताना विचारा; परंतु गळके छप्पर दुरुस्त करायला चुना-कामाचा जाणकार कारागीर कोठून आणावा आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत, याचे उत्तर नियमांत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांचा खर्च सरकार करते. रोज उपासना चालणाऱ्या वास्तूचा भार तिच्या मालकावरच असतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलचे जतन शास्त्रीय पद्धतीने झाले आणि २००४ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला, हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण मुंबईच्या फोर्ट भागाला जे दाते आणि जो तज्ज्ञवर्ग उपलब्ध असतो तो नागपूर, कामठी किंवा अमरावतीच्या मंडळीला कोठून मिळणार?

मग पैसा उभा करण्याचा सोपा मार्ग दिसतो तो जमिनीचा. आवाराचा एक कोपरा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यावा, दुकाने काढावीत, आलेल्या रकमेतून दुरुस्ती करावी. हेतू शुद्ध असला, तरी येथेच गैरव्यवहाराला वाट मिळते आणि संशयाला तर हमखास. २०२२ मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या तत्कालीन सर्वोच्च पदाधिकाऱ्याला मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने नागपूर विमानतळावर अटक केली, तेव्हा देशभरातील मंडळ्यांत खळबळ माजली. आरोप शैक्षणिक संस्थेच्या निधीसंबंधीचे होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे. परंतु आपल्याच संस्थेचे हिशेब आपल्याला पाहता येत नाहीत, ही सामान्य सभासदांची तक्रार त्यानिमित्ताने उघडपणे बोलली गेली.

२०२५ मध्ये वक्फ सुधारणा कायदा झाला आणि आता पाळी चर्चच्या जमिनींची, असा सूर राजकारणात उमटू लागला. काहींनी तो धमकीसारखा लावला, काहींनी भीतीसारखा. दोन्ही बाजूंनी एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले. महाराष्ट्रात चर्चच्या न्यासांवर देखरेख करणारा कायदा नव्याने करावा लागत नाही. तो १९५० पासून अस्तित्वात आहे आणि मंदिर, मठ, अग्यारी, चर्च अशा सर्वांना तो सारखाच लागू आहे. कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास, तसेच बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त बदलले किंवा मालमत्तेत बदल झाला, तर कलम २२ अन्वये बदल अहवाल दाखल करावा लागतो. न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांच्या संमतीने कलम ५० खाली दावा लावू शकतात. तरतुदी पुरेशा आहेत. धर्मादाय कार्यालयातील प्रलंबित अहवालांचे ढीग आणि मंडळीचे अज्ञान या दोन कारणांनी त्या निष्प्रभ ठरतात. नव्या कायद्याची भाषा करणाऱ्यांनी आधी जुन्याचे काय झाले, याचा जाब द्यायला हवा.

मंडळीच्या बाजूनेही एक संकोच आहे आणि तो प्रामाणिक आहे. विश्वासाचे वाद अविश्वासूंच्या न्यायालयात नेऊ नयेत, हा पौलाचा उपदेश ख्रिस्ती मनावर खोल रुजलेला आहे. त्यामुळे पाळकाला किंवा बिशपला हिशेब विचारणे म्हणजे श्रद्धेतच कमी पडणे, असे अनेक जुन्या सभासदांना वाटते. परिणामी विचारण्याचे धाडस जो करतो तो बहुधा भांडखोर असतो आणि सौम्य माणसे गप्प राहतात. वाद मग हिशेबाचा न राहता गटांचा होतो. सार्वजनिक न्यासाचा हिशेब मागणे हा वाद नव्हे, ती व्यवस्था आहे, हे मंडळीच्या व्यासपीठावरून सांगितले गेले, तर पुष्कळसा ताण कमी होईल.

धर्मादाय कार्यालयातील सार्वजनिक न्यास नोंदवहीचे परिशिष्ट एक हा कागद कोणत्याही न्यासाबाबत अर्ज करून मिळवता येतो. न्यासाचे नाव, विश्वस्त, स्थावर मालमत्तेचे वर्णन आणि झालेले बदल त्यात नोंदलेले असतात. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका त्याच्याशी ताडून पाहिली की नोंदीतील तफावत उघड होते. विदर्भातील प्रत्येक जुन्या मंडळीने हे दोन कागद काढून बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवायचे ठरवले, तर त्यासाठी वकीलही लागणार नाही. १९७० मध्ये राहून गेलेले बदल अहवाल कोणत्या न्यासांचे आहेत, याची यादी धर्मप्रांताने स्वतःहून करावी आणि विलंब माफ करून ते अहवाल निकाली काढण्यासाठी धर्मादाय सहआयुक्तांनी नागपुरात स्वतंत्र सुनावण्या ठेवाव्यात, एवढी मागणी रास्त आहे. ज्या मंडळ्यांच्या मूळ विश्वस्तांपैकी आता कोणीही हयात नाही, त्यांच्या सुनावण्या प्रथम घ्याव्या लागतील.